हरवलेली वस्तू आणि दुसरे शील

(वर्षावासानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आपण रोज म्हणतो. मग वाटेत सापडलेल्या वस्तूचे काय करावे? हात लावला नाही म्हणजे शील पाळले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. विनयपिटकात या प्रश्नाचा विचार फार व्यवहारी रीतीने झाला आहे.

श्रावस्तीला अचिरवती नदीच्या काठी एक ब्राह्मण पाचशे नाण्यांची थैली ठेवून स्नानाला उतरला आणि थैली विसरून निघून गेला. तेथेच स्नान करणाऱ्या एका भिक्खूने, ती हरवू नये म्हणून, उचलून ठेवली. ब्राह्मण धावत परत आला, थैली मिळाली. पण आता बक्षीस द्यावे लागणार! तेव्हा तो म्हणाला, पाचशे नव्हे, हजार होते. त्याने भिक्खूला अडवून ठेवले आणि मग सोडले. यावरून भिक्खूंनी मौल्यवान वस्तू उचलू नये असा नियम झाला. पुढे विशाखेचे दागिने विहारात राहून गेले, तेव्हा भगवंतांनी त्या नियमाला जोड दिली. विहारात किंवा मुक्कामाच्या जागी पडलेली वस्तू उचलावी, आणि ज्याची असेल तो घेऊन जाईल म्हणून जपून ठेवावी. पाचित्तियातील हा ८४ वा नियम. आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदाही, कलम ७१ मध्ये, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी टाकतो.

आता आपल्याकडची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये उल्हासनगरचा एक मुलगा आपल्या अभ्यासिकेत विचारत आला. तो आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीचा नव्हता. बदलापूरजवळच्या कोंडेश्वराला मित्रांबरोबर गेला असता त्याची फाइल वर ओढ्याकाठी राहिली होती. मित्र पुन्हा यायला तयार नव्हते. फाइलमध्ये आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, १९५० पूर्वीचा. जात पडताळणीला बसलेल्या घराला हे सांगावे लागत नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि आपल्या कित्येकांच्या घरात असा कागद एकच असतो. तो मुलगा कोणत्या जातीचा, हे आम्ही विचारले नाही.

रविवारी सकाळी आम्ही चौघे आणि तो मुलगा निघालो. मंदिरापर्यंत रिक्षा, पुढे ओढ्याकाठची पायवाट, पाऊण तासाची चढण. मुलाने दाखवलेला खडक सापडला, फाइल नव्हती. तासभर झुडपे धुंडाळली. मुलगा खाली बसून राहिला. परत फिरताना कातकरी वाडीवर पाणी मागितले आणि सहज विचारले. मावशी आधी काहीच बोलेनात. मग त्यांनी आत जाऊन छपराच्या कुडात खोचलेली फाइल काढली. शेळ्या कागद खातात म्हणून त्यांनी ती उचलली होती. खाली गावात का दिली नाही?

"चोरली म्हनतील ना," त्या म्हणाल्या.

अचिरवतीच्या काठचा तो भिक्खू आम्हांला तेथे आठवला.

मुलगा पैसे देऊ लागला, मावशींनी घेतले नाहीत. आमच्यातील एकाने त्यांच्या मुलांच्या जातीच्या दाखल्याबद्दल विचारले. एकालाही नव्हता. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. दरवर्षी वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसांच्या आजोबांनी शाळा कोठून सोडलेली असणार? दुसऱ्याचा दाखला शेळ्यांपासून राखणाऱ्या बाईच्या घरी स्वतःचा दाखला नाही, हे पाहून खाली उतरताना कोणी फारसे बोलले नाही.

कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिम जमात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा वस्त्यांसाठी आधार आणि जातीच्या दाखल्यांची शिबिरे घेण्याची तरतूद आहे. शिबिर भरले तरी अर्ज कोणीतरी लिहावा लागतो, नावे बरोबर घालावी लागतात, पावती जपावी लागते. ते काम आपल्या अभ्यासिकेतील मुलांना उत्तम जमेल. तो उल्हासनगरचा मुलगा यायला तयार आहे.

ज्यांना रविवार मोकळा असेल त्यांनी सभा संपल्यावर सचिवांकडे नाव द्यावे. निळ्या शाईचे पेन आणि पाण्याची बाटली बरोबर आणावी. रिक्षा मंदिरापर्यंतच जाते.

जय भीम, नमो बुद्धाय!