करवीरचा समुद्र

मार्गशीर्ष लागला, पहाटे अंगणात धुके उतरू लागले, की शहरातील सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. अलीकडे या गोष्टींत समुद्रपर्यटनाचे नाव वारंवार ऐकू येते. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, मॉरिशस अशी उष्ण कटिबंधातील बेटांची नावे घेतली जातात. निळे पाणी, नारळीची बने आणि जुनी बंदरे यांची चित्रे पाहिली जातात. आणि खर्चाचा अंदाज बांधता बांधता तो बेत बहुधा पुढील वर्षावर जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंचीवर वसलेल्या कोल्हापुरात तर समुद्र ही परक्याची वस्तू आहे, असाच सर्वसाधारण समज. पंचगंगेचे पाणीसुद्धा पूर्वेची वाट धरून कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. मग पश्चिमेच्या समुद्राशी या नगरीचा संबंध तो कोणता, असे कोणासही वाटावे.

इतिहास मात्र निराळे सांगतो. एके काळी करवीरच्या छत्रपतींचे स्वतःचे बंदर होते, स्वतःची गलबते होती, आणि त्या गलबतांची धास्ती मुंबईच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी घेतलेली होती. ते बंदर कसे होते आणि कसे गेले, हे नीट उमजावयाचे असेल, तर कोकणचा किनारा जमिनीवरून न पाहता पाण्यावरून पाहिला पाहिजे. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची हिवाळ्यातील जलयात्रा हे त्याचे उत्तम साधन होय.

ही यात्रा हिवाळ्यातीलच का, यालाही कारण आहे. नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला म्हणजे हा किनारा गलबतांना बंद होतो. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी आपल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटतात, हे खरे; परंतु समुद्र खऱ्या अर्थाने निवतो तो दिवाळीनंतर. त्या दिवसांत उत्तररात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा येतो. शिडाच्या गलबतांचा सारा व्यवहार या दोन वाऱ्यांवर चाले. पहाटेच्या मतलईवर बंदर सोडावयाचे आणि दुपारच्या वाऱ्यावर पुढील बंदर गाठावयाचे, हा तांडेलांचा पिढीजात हिशेब. पावसाळी समुद्र किती निष्ठुर असतो, याची साक्ष १७ जुलै १९४७ या दिवसाने ठेवली आहे. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट त्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारू प्राणास मुकले.

आगबोटींच्या काळात कोल्हापूरच्या प्रवाशाला ही यात्रा सहज साधे. आगगाडीने मुंबई गाठावी, बोटीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्यास उतरून आंबोलीच्या घाटाने परत यावे. बोटीच्या फलाटावर वळकट्या पसरल्या जात, फराळाचे डबे उघडले जात आणि अनोळखी माणसांत गावांची, नात्यांची ओळख निघे. कित्येक बंदरांत धक्का नसल्याने बोट बाहेरच नांगर टाकी, भोंगा वाजे आणि उतारूंना नेण्यासाठी किनाऱ्यावरून पडाव येत. पुढे रस्ते वाढले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि ही वाहतूक मागे पडली. २०१८ मध्ये मुंबई ते गोवा या मार्गावर पर्यटकांसाठी जी बोट सुरू झाली, तिला ‘आंग्रिया’ हे नाव देण्यात आले. आंग्र्यांचा विसर या पाण्याला पडलेला नाही, असेच त्यावरून म्हणावयाचे.

मुंबई मागे पडते न पडते तोच खांदेरी आणि उंदेरी ही जुळी बेटे दिसू लागतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, ती मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांचा विरोध मोडून. पुढे अलिबागेचा कुलाबा, त्यापुढे सिद्दीचा जंजिरा. जंजिरा मराठ्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही. त्याला शह म्हणून उभारलेला पद्मदुर्ग जवळच पाण्यात उभा आहे. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग येतो. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमाशी त्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. दूरच्या बेटांवर प्रवाशाला सृष्टिसौंदर्य लाभेल. या बेटांवर सृष्टिसौंदर्य तर आहेच, परंतु प्रत्येक बेटाला एक राजकारणही आहे.

दाभोळची खाडी लागली, की कोल्हापूरकराने विशेष लक्ष द्यावयास हवे. कारण येथून पुढे खाड्यांचे आणि घाटांचे नाते स्पष्ट होऊ लागते. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचे मोठे बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. त्याच्या दक्षिणेस जयगड, रत्नागिरी आणि मग राजापूरची खाडी. प्रत्येक खाडीच्या माथ्याशी एक पेठ, आणि पेठेच्या पाठीशी एक घाट अशी ही रचना आहे. रत्नागिरीला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा, खारेपाटणला बावडा, मालवणला फोंडा, वेंगुर्ल्याला आंबोली. या घाटांनी बैलांचे तांडे गूळ, तंबाखू, मिरची खाली नेत आणि मीठ, नारळ, सुपारी वर आणीत.

घाटवाटेने केवळ मालच चढतो असे नाही, तोफाही चढतात. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन जौहराच्या मदतीस आले होते. महाराज पन्हाळ्यावरून निसटले. परंतु ही आगळीक ते विसरले नाहीत. पुढील वर्षी, १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर लुटले आणि वखारीतील इंग्रजांना कैदेत टाकले. पन्हाळ्याचे रक्षण राजापूरच्या खाडीपासून सुरू होते, हा धडा त्या प्रसंगाने दिला.

राजापूरच्या खाडीनंतर लगेच विजयदुर्ग. हा किल्ला पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोजाने बांधला, असे परंपरा सांगते. म्हणजे घाटमाथ्यावरील राजाला समुद्रावर किल्ला हवा, हे बाराव्या-तेराव्या शतकातही ओळखले गेले होते. येथेच १७५६ च्या फेब्रुवारीत एक दुर्दैवी घटना घडली. तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह यांनी समुद्राकडून हल्ला केला, आणि आंग्र्यांचे उभे आरमार बंदरातच जळाले. घरातील तंटा मिटविण्यास बाहेरच्याला बोलावले, आणि घराची एक भिंत गेली.

त्यानंतर देवगड ओलांडून बोट मालवणला येते. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग पसरलेला आहे. त्याचे बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. चहूंकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आजूबाजूस खडक इतके, की वाट माहीत असलेल्या नावाड्यावाचून जवळ येणे कठीण. सातारा आणि करवीर अशी दोन राज्ये झाल्यावर हा किल्ला आणि मालवणचे बंदर करवीरकडे राहिले. कोल्हापूरचा समुद्र तो हाच.

या समुद्राचे मोल करवीर दरबाराला ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. १७१५ च्या सुमारास, करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, रामचंद्रपंत अमात्यांच्या हातून ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. राज्यकारभाराच्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेने वाढविलेल्या आंबा-फणसाच्या झाडांना मालकाच्या संमतीवाचून हात लावू नये, इतकी बारीक काळजी त्यात घेतलेली आहे. तसेच टोपीकर हे केवळ व्यापारी नव्हेत, त्यांना समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, असा इशाराही आहे. ही बुद्धी परदेशातून उसनी आणलेली नव्हती. अमात्यांच्या घराण्याचे ठाणे गगनबावड्याला, म्हणजे घाटाच्या अगदी तोंडाशी. खालच्या खाडीत काय चालते, ते तेथून कळत असे.

तथापि इशारा लिहिणे आणि तो पाळण्याचे सामर्थ्य राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालवणच्या गलबतांचा इंग्रजांच्या व्यापाराला उपद्रव होऊ लागला, तेव्हा १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. त्या वेळी करवीरचा कारभार महाराणी जिजाबाई पाहत होत्या. पुढील वर्षी अटींवर किल्ला परत मिळाला. परंतु शेजाऱ्यांशी चाललेल्या लढायांनी राज्य थकत गेले, आणि १८१२ मध्ये इंग्रजांशी तह झाला. बाहेरच्या आक्रमणापासून इंग्रजांनी राज्याचे रक्षण करावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात करवीरने मालवणचे बंदर आणि सिंधुदुर्ग सोडून द्यावयाचे. शिवाय लढाऊ गलबते बाळगावयाची नाहीत. आज्ञापत्रानंतर शंभर वर्षेही पुरती लोटली नव्हती, तोच खाडीचे मुख टोपीकरांच्या स्वाधीन झाले.

यानंतर समुद्र मनातूनही हळूहळू दूर गेला. १८९१ मध्ये कोल्हापूर ते मिरज आगगाडी सुरू झाली आणि व्यापाराने पूर्वेची वाट धरली. ही आगगाडी शहराच्या भरभराटीस कारण झाली, यात शंका नाही. परंतु बैलांचे तांडे घाटांवरून उतरेनासे झाले, खाड्या गाळाने भरत गेल्या, आणि राजापूरसारख्या पेठांचे वैभव ओसरले. बंदर जाण्यास एक तह पुरला; बंदराची सवय जाण्यास दोन पिढ्या लागल्या.

एक धागा मात्र तुटला नाही. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचे मंदिर आहे. ते छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले. किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तरी कोल्हापूरच्या गादीने या मंदिराशी असलेले नाते सोडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी त्याचा सभामंडप बांधविला. राज्य गेलेल्या ठिकाणीही ज्याने मंडप बांधला, त्याला समुद्र परका वाटत नसला पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार जलदुर्गही आहेत. डोंगर आणि समुद्र हे एकाच संरक्षणाचे दोन भाग होते, ही गोष्ट त्या यादीने जगापुढे मांडली. कोल्हापूरच्या घरांतून ती मुलांना सांगितली जाते काय, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा या हिवाळ्यात दूरच्या बेटांचा बेत साधला तर उत्तमच; न साधला तरी समुद्रपर्यटन राहिले असे मानण्याचे कारण नाही. फोंड्याचा घाट उतरून मालवण गाठावे आणि समुद्र शांत असताना होडीने सिंधुदुर्गास जावे. मुलांना तट, विहिरी आणि मंदिर दाखवावे. परत येताना त्यांची तोंडे मात्र पूर्वेकडे करवावीत. हवा स्वच्छ असली, तर माडांच्या वर सह्याद्रीची निळी रेघ दिसते. त्या रेघेच्या पलीकडे कोल्हापूर आहे, आणि शंभर वर्षे या पाण्यावरचे हुकूम तेथून सुटत असत, एवढे त्यांना सांगितले म्हणजे पुरे.