आपला चित्रकार आणि आपली नजर



आपल्या माणसाच्या चित्रांचे प्रदर्शन पाहावयास आपण जातो, तेव्हा तेथे नेमके काय शोधतो? उदाहरणादाखल वासुदेव गायतोंडे यांना घेऊ. जन्म नागपूरचा, १९२४ सालचा, आईवडील गोव्याचे, वाढले गिरगावात, जे. जे. कलाशाळेची पदविका १९४८ ची. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. भिंतीवरचे ते ओळखीचे आडनाव वाचून आमचा ऊर भरून आला. पण चित्रांपुढे उभे राहिलो, तो या अभिमानाला धरावयास काही सापडेना! ना माडापोफळींच्या बागा, ना पालखी, ना नऊवारीतली बाई. बहुतेक चित्रांना शीर्षकदेखील नाही. रंगाचे थर, त्यांवर फिरविलेला रूळ, सुरीने खरवडलेले भाग, आणि खोलातून वर येणारा मंद उजेड.

मग यात आपले काय? कोणी म्हणेल, कलेला गाव नसते. कोणी त्या उजेडात आपले संत शोधील. दोन्ही उत्तरे सोयीची. कारण दोहोंत चित्र पाहण्याचे श्रम वाचतात. गायतोंडे भारतीय लघुचित्रांपाशी शिकले, पॉल क्ले यांच्यापाशी शिकले. झेन विचाराकडे वळले, तसेच निसर्गदत्त महाराजांकडेही. घेताना त्यांनी घरचे-परके असा भेद केला नाही. वारशाशी मोकळेपणाने वागण्याची ही रीत आम्हांस त्यांच्या आडनावाहून मोलाची वाटते.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, आणि त्यांचे नाव पुष्कळांच्या तोंडी आले. गायतोंडे तर २००१ सालीच निवर्तले होते. किमतीने जागा होणारा अभिमान हा उसना अभिमान होय. दुसऱ्याचे डोळे फिरले की तोही ओसरणार.

वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे करणारा हा माणूस. म्हणजे एका चित्रामागे सुमारे दोन महिने, आणि त्यांतला बराच काळ नुसता वाट पाहण्यात! त्याच्या एका चित्रापुढे आपण दहा मिनिटे मुकाट्याने उभे राहू शकत नाही काय? त्याकरिता न्यूयॉर्कला जावयास नको. त्यांची चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयातही आहेत. ती दहा मिनिटे दिली, तर त्यांना आपले म्हणण्याचा अधिकार आपण थोडाफार मिळविला, असे आम्ही समजू.