वर्गातला वेळ कोणाचा?

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हा शिक्षकांना आज थोडाच वेळ दिलेला आहे. विषयच वेळेचा असल्यामुळे तो पाळणे आम्हाला भाग आहे.

वर्गातला वेळ वाचवा असे म्हटले की, हा शिक्षकाच्या सोयीचा विषय आहे असा काहींचा समज होतो. तसे नाही. ज्या मुलाच्या घरी एकच खोली आहे, आई-वडील दोघेही रात्री कामावरून परततात आणि शिकवणीची फी देण्याची ऐपत नाही, त्याच्या अभ्यासाचा जो काही वेळ आहे तो शाळेतच आहे. वर्गात दहा मिनिटे फुकट गेली तर शिकवणीला जाणारा मुलगा ती संध्याकाळी भरून काढतो. या मुलाची ती कायमची जातात.

सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. यातले मुलाच्या पदरात किती पडतात, हा खरा प्रश्न आहे. वर्गात ६० मुले आहेत असे समजा. एकेक नाव पुकारण्यास ५ सेकंद धरले तरी ५ मिनिटे जातात. २०० दिवसांची १००० मिनिटे झाली, म्हणजे ३५ मिनिटांच्या २८ तासिका! त्या नुसत्या 'हजर सर' म्हणण्यात गेल्या. त्याऐवजी बाकांवरील जागा ठरवून द्याव्यात, रांगेच्या प्रमुखाने गैरहजर मुलांचे क्रमांक तेवढे सांगावेत आणि शिक्षकाने नजर फिरवून खात्री करावी. तोवर मुले फळ्यावर आधीच लिहून ठेवलेली दोन उदाहरणे सोडवतात. मात्र गैरहजर मुलांची चौकशी घाईत उरकू नये. दोन दिवस न आलेली मुलगी कदाचित घरी धाकट्या भावाला सांभाळत असते.

वह्या तपासणे हे आमचे सर्वांत जड काम. एका वहीला २ मिनिटे धरली तर ६० वह्यांना २ तास लागतात. मग होते असे की मुलांना काहीतरी उतरवून घ्यायला सांगून शिक्षक वर्गातच तपासत बसतात. तांबड्या शाईच्या बरोबरच्या खुणांनी वही भरते, पण मूल चूक कुठे झाली हे पाहत नाही. आमचे मत असे की, रोज एका रांगेच्या दहा वह्या बारकाईने पाहाव्यात. त्यांत वारंवार आढळणाऱ्या दोन-तीन चुका दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडाव्यात व प्रत्येकाला आपल्या वहीत त्या शोधायला लावाव्यात. हातच्याची वजाबाकी चुकणारा मुलगा अशा वर्गात एकटा कधीच नसतो. पालकांनी सुद्धा प्रत्येक पानावर सही नाही म्हणून शिक्षकाला आळशी ठरवू नये, ही विनंती.

मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. अँड्र्यू बेल नावाचे गृहस्थ मद्रासला अनाथ मुलांच्या शाळेवर होते. इथली मुले वाळूत अक्षरे गिरवून शिकतात हे पाहून त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडात त्याचा बराच प्रसार झाला. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता बसतात, तेथे आजही याला पर्याय नाही. मात्र एकच हुशार मुलगा वर्षभर प्रमुख ठेवू नये. त्याचाही अभ्यास आहे.

एका जागी मात्र वेळ वाचवू नये. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, हे अमेरिकेतील मेरी बड रो यांनी मोजले. ते सरासरी जेमतेम एक सेकंद भरले! तीन सेकंद थांबले की उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, न बोलणारी मुलेही बोलू लागली. मागच्या बाकावरच्या मुलाला घरची बोली बाजूला ठेवून पुस्तकी भाषेत उत्तर जुळवायचे असते. हजेरीत वाचवलेली पाच मिनिटे त्याच्यासाठी आहेत.

आता राहिली शाळेबाहेरची कामे. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते भर तासाला मागितले जातात, हे आपण जाणताच. ते मधल्या सुट्टीनंतर एकदाच पाहावेत, एवढे मुख्याध्यापकांनी ठरवून दिले तरी पुष्कळ होईल.

शेवटी एक सूचना. महाराष्ट्राचा नकाशा, पाढे, विरामचिन्हे ही प्रत्येक शिक्षक दरवर्षी फळ्यावर नव्याने काढतो. ती गुंडाळी फळ्यांवर एकदाच काढून शाळाशाळांत फिरवता येतील. ज्यांचे अक्षर चांगले आहे, त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नावे द्यावीत.