पोरांना घेऊन कुठं जायचं?

लोहाऱ्यातल्या तीन-चार वर्षांच्या लेकरासाठी तान्ह्या पोळ्यासारखी दुसरी मजा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चाकांचा लाकडी बैल सजवायचा, दोरी लेकराच्या हाती द्यायची आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला न्यायचं. बैल विकत आणलात तरी झूल घरीच शिवा. शिंगं लेकरालाच रंगवू द्या. रंग सांडतो, सांडू द्या.

शाळकरी मुलांना कळंबच्या चिंतामणीला न्या. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून गणपतीपाशी जावं लागतं. मुलांना ते फार आवडतं.

दहावी-अकरावीच्या मुलांना मात्र टिपेश्वर अभयारण्य दाखवाच. जाण्याआधी घरी नकाशा पसरा. इथलाच एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि शेतं, रस्ते ओलांडत सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढं का चालला? हक्काचा इलाका आणि जोडीदारीण शोधत, असं अभ्यासकांना वाटतं. टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर मुलांनाच मोजायला लावा. पावसाळ्यात सफारी सहसा बंद असते, म्हणून बेत हिवाळ्यात आखा आणि गरम कपडे विसरू नका. पहाटे उघड्या जिप्सीत चांगलंच गारठायला होतं.