दोनदा हरेपर्यंत

क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर आपल्याकडे बोलायचं म्हणजे जवळजवळ परवानगीच काढावी लागते. त्यातून बेसबॉल, आणि तोही अमेरिकेतल्या कॉलेजांचा. पण आज माझा विषय तोच आहे. अमेरिकेच्या मध्यावर नेब्रास्का नावाचं राज्य आहे, मक्याचं आणि गुरांचं. तिथल्या ओमाहा शहरात दरवर्षी जून महिन्यात कॉलेजांच्या बेसबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. तिला ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ म्हणतात. देशाबाहेरचा एकही संघ त्यात नसतो, तरी नाव मात्र वर्ल्ड! तो अमेरिकन माणसाचा स्वभाव आहे, आपण सोडून देऊ. माझा भाचा नोकरीनिमित्त ओमाहात असतो. २०२५च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे होतो. बकरी ईद होऊन आठवडा झाला असेल-नसेल, आणि शहरात एकाएकी आठ निरनिराळ्या रंगांचे सदरे दिसू लागले. हॉटेलं भरली. रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना तुम्ही कोणाचे, असं विचारू लागली.

खेळ थोडक्यात सांगतो. गोलंदाजाला तिथे पिचर म्हणतात. तो साधारण साठ फुटांवरून चेंडू टाकतो, टप्पा न पाडता. फलंदाज तीनदा चुकला की बाद. तीन गडी बाद झाले की डाव संपला. असे प्रत्येकी नऊ डाव. चेंडू मारून चार ठाणी पळत पूर्ण केली की एक धाव. दोन-चार धावांत सामना संपतो, त्यामुळे आपल्या माणसाला पहिला तासभर वाटत राहतं की अजून काही घडलंच नाही. मलाही तसंच वाटलं. भाचा म्हणाला, “मामू, धावा बघू नका, पिचरचे हात बघा.” मी तसं केलं आणि मग मला हलवेना.

या स्पर्धेची खरी गंमत तिच्या रचनेत आहे. १९९९पासून देशभरातले चौसष्ट संघ यात उतरतात. दोन फेऱ्यांत त्यातले छप्पन्न गळतात आणि आठ ओमाहाला पोचतात. आठांचे चार-चारांचे दोन गट होतात. आता आपल्याकडच्या कबड्डी-खोखोच्या बाद फेरीत एकदा हरलात की गाठोडं बांधायचं. इथे तसं नाही. एकदा हरलात तरी राहता, दोनदा हरलात की घरी. दोन्ही गटांतून एकेक उरला की त्या दोघांत तीन सामन्यांची अंतिम लढत होते. म्हणजे पहिला पराभव माफ असतो. हे ऐकायला दयाळू वाटतं, पण एक हार पदरात घेऊन मैदानात उतरणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा चेहरा बघितला की या दयेत किती धाक आहे ते कळतं.

ही स्पर्धा सुरू झाली १९४७च्या जूनमध्ये. आपण इकडे स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या उंबरठ्यावर उभे होतो, आणि तिकडे मिशिगन राज्यातल्या कालामाझू नावाच्या गावी कॅलिफोर्निया आणि येल ही दोन विद्यापीठं अंतिम लढत खेळत होती. येल हरलं. त्या संघात पहिल्या ठाण्यावर एक उंच डावखुरा तरुण उभा असे. महायुद्धात विमान चालवून परत आलेला, लग्न झालेला विद्यार्थी. त्याचं नाव जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते थोरले बुश. पुढच्या वर्षी ते कर्णधार होते आणि येल पुन्हा अंतिम लढतीत हरलं. अध्यक्षपद मिळालं, पण हे अजिंक्यपद काही मिळालं नाही.

१९५०पासून स्पर्धा ओमाहाला आली आणि तिथेच राहिली. ती आणण्यात आणि टिकवण्यात जे पुढे होते त्यांत जॉनी रोझेनब्लाट या गृहस्थांचं नाव पहिलं घेतलं जातं. ज्यू कुटुंबातला, स्वतः बेसबॉल खेळलेला माणूस, पुढे शहराचा महापौर झाला. सुरुवातीची कित्येक वर्षं स्पर्धा तोट्यात होती. दुसरं एखादं शहर असतं तर दोन वर्षांत हात झटकून मोकळं झालं असतं. या शहराने तोटा सोसला. रोझेनब्लाट यांना पुढे कंपवाताने गाठलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. १९६४ साली शहराने आपल्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. जिवंत माणसाच्या नावाचं आपल्याकडे काय होतं ते आपण बघतोच, पण या ठिकाणी मला ते योग्य वाटलं. तोटा सोसणाऱ्यांची नावं अशी फार ठिकाणी लागत नाहीत.

ते स्टेडियम आता नाही. २०१०ची स्पर्धा तिथली शेवटची. पुढच्या वर्षापासून शहराच्या मध्यभागी बांधलेल्या, चोवीस हजार माणसं बसतील अशा नव्या स्टेडियममध्ये सामने होऊ लागले. जुनं २०१२मध्ये पाडलं आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाला वाहनतळासाठी जागा मिळाली. पण मैदानाचा आतला चौकोन त्यांनी आठवण म्हणून राखला आहे. भाच्याने मला तिथे नेलं. गाड्यांच्या रांगांच्या कडेला ती चार ठाणी, आणि एक आजोबा आपल्या नातवाला चेंडू टाकत होते. मागून कुठल्या तरी जनावराचा आवाज येत होता.

त्याच दिवशी मी भाच्याला दुसऱ्या एका जागी न्यायला सांगितलं. माल्कम एक्सचा जन्म ओमाहाचा, १९२५ सालचा. वडील काळ्यांच्या हक्कांबद्दल बोलत, म्हणून कू क्लक्स क्लॅनच्या धमक्या आल्या आणि वर्ष-दीड वर्षात कुटुंबाने शहर सोडलं. घर पाडलं गेलं आहे, जागेवर फलक आहे. बेसबॉलशी याचा संबंध नाही. पण एकच शहर एका कुटुंबाला टिकू देत नाही आणि एक स्पर्धा पंचाहत्तर वर्षं जिवापाड जपतं. शहराबद्दल बोलायचं तर दोन्ही बोललं पाहिजे, म्हणून सांगितलं.

आता सामना. १६ जून, सोमवारची दुपार, ऊन आपल्या मे महिन्याला लाजवील असं. आर्कान्सा आणि मरी स्टेट यांच्यात सामना होता. दोघेही एकेकदा हरलेले, म्हणजे आज जो हरेल तो घरी. आर्कान्सा मोठं घराणं. मरी स्टेट हे केंटकीतलं लहानसं विद्यापीठ, ओमाहाला पहिल्यांदाच आलेलं. माझा जीव साहजिकच लहानाकडे. पण आर्कान्साच्या गेज वूड या पिचरने चेंडू टाकायला सुरुवात केली आणि मरी स्टेटची मुलं एकामागून एक परत जाऊ लागली. चौथा डाव झाला, पाचवा झाला, पहिल्या ठाण्यावर कोणी पोचेना. आमच्या शेजारी आर्कान्साचे एक वयस्क गृहस्थ लाल टोपी घालून बसले होते. पहिले दोन डाव ते माझ्याशी खूप बोलले. सहाव्या डावानंतर एकदम गप्प. मी काही विचारायला गेलो तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. भाच्याने कानात सांगितलं, “पिचरने अजून एकही फटका दिलेला नाही. अशा वेळी त्याबद्दल बोलायचं नसतं.” संघातली मुलंसुद्धा विश्रांतीच्या वेळी त्याच्याजवळ बसत नाहीत म्हणे. आपल्याकडे बाळाला तीट लावतात, तिकडे तोंडाला कुलूप लावतात. नजर लागण्याची भीती सगळीकडे सारखीच.

आठव्या डावात एक चेंडू फलंदाजाला लागला आणि त्याला नियमाप्रमाणे पहिलं ठाणं मिळालं. तेवढाच काय तो डाग. सामना ३-० असा संपला. ११९ चेंडू, १९ जण तीन-तीनदा चुकून बाद, आणि एकही फटका नाही. या स्पर्धेत असं त्याआधी दोनदाच घडलं होतं, १९५० आणि १९६० साली. स्टेडियम उभं राहिलं. लाल टोपीवाले गृहस्थ रडत होते. मी मात्र दुसऱ्या बाजूला बघत होतो. मरी स्टेटची मुलं कठड्याला रेलून उभी होती. पहिल्यांदा इथवर आलात, आणि ज्या सामन्याची आठवण लोक वर्षानुवर्षं काढतील त्यात तुमचं काम होतं बाद होण्याचं. त्यांतल्या काहींचा तो आयुष्यातला शेवटचा स्पर्धेचा सामना असणार. कॉलेज संपलं की बहुतेकांची बॅट माळ्यावर जाते, व्यावसायिक संघात जातात ते थोडे. प्रेक्षकांनी त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, लाल टोपीवाल्यांनीसुद्धा.

नंतर त्यांचं मौन सुटलं आणि त्यांनी २०१८ची गोष्ट काढली. ती मी नंतर पडताळूनही बघितली. अंतिम लढतीचा दुसरा सामना, आर्कान्सा विरुद्ध ओरेगन स्टेट. पहिला सामना आर्कान्साने जिंकलेला. नवव्या डावात ३-२ अशी आघाडी, दोन गडी बाद, फक्त एक गडी हवा. मग आर्कान्साला इतिहासातलं पहिलं अजिंक्यपद. फलंदाजाने मारलेला चेंडू उंच उडाला, रेषेबाहेर, पहिल्या ठाण्याच्या मागे. रेषेबाहेरचा चेंडूही झेलला तर गडी बाद होतो. तीन खेळाडू धावले. तिघांचीही पोचण्यासारखी जागा होती. चेंडू तिघांच्या मधोमध जमिनीवर पडला. त्याच फलंदाजाने पुढे फटका मारून बरोबरी साधली. त्याच्या मागून आलेल्याने चेंडू थेट कुंपणापार पाठवला. आर्कान्सा ५-३ हरलं, आणि दुसऱ्या दिवशी ५-० हरून अजिंक्यपद गेलं. त्या तिघांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. मी घेत नाही. लाल टोपीवाल्यांनीही घेतली नाहीत. ते म्हणाले, चेंडू वर असताना ते टोपी काढून मिठी मारायला वळले होते, त्यामुळे तो पडताना त्यांनी पाहिलाच नाही, फक्त समोरच्या लोकांचे चेहरे पाहिले.

झेल सुटणं आपण क्रिकेटमध्ये खूप पाहिलं आहे. हा सुटलेला झेल नव्हे. याला कोणी हातच लावला नाही. दुसरा घेईल असं प्रत्येकाला वाटलं, किंवा आपण आडवे जाऊ नये असं वाटलं. घरात, कचेरीत, मोहल्ल्यात असे किती चेंडू पडतात ते आपल्याला ठाऊक आहे. फरक एवढाच की तिथे चोवीस हजार माणसं बघत नसतात.

एक सांगायचं राहिलं, ते आवाजाचं. कानाने जगणाऱ्या माणसाला हे खटकणारच. व्यावसायिक बेसबॉल लाकडी बॅटने खेळतात, त्याचा आवाज खणखणीत पण कोरडा. कॉलेजात १९७४पासून ॲल्युमिनियमची बॅट आली. तिने चेंडू इतका लांब जाऊ लागला की १९९८ची अंतिम लढत २१-१४ अशी झाली. शेवटी २०११पासून बॅटची ताकद कमी करणारे नियम आले. तरी आवाज तोच राहिला, पितळी तांब्या न्हाणीघरात पडल्यासारखा. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही.

आणि पैसा. बाहेरच्या गुत्त्यात जेलीत दारू घालून केलेले प्याले कोणत्या कॉलेजच्या लोकांनी किती रिचवले याचा फळा लावलेला असतो, त्या स्पर्धेची माझी माहिती फळ्यापुरतीच. मी म्हणतोय तो मुलांचा पैसा. वर्षानुवर्षं नियम असा होता की एका कॉलेजने बेसबॉलसाठी ११.७ शिष्यवृत्त्या द्यायच्या. अकरा पूर्णांक सात दशांश! अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघांना पंच्याऐंशी पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत, आणि इथे बारासुद्धा नाहीत. त्या तुकडे करून सत्तावीस मुलांत वाटायच्या. कोणाला अर्धी फी, कोणाला पाव. बाकी बापाच्या खिशातून किंवा कर्जातून. मुलांच्या खेळावर स्टेडियम भरायचं, दूरचित्रवाणी पैसे कमवायची, आणि मुलगा पाव शिष्यवृत्तीवर. २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५च्या जूनमध्ये, म्हणजे मी तिथे असतानाच, न्यायालयाने एका तडजोडीला मान्यता दिली आणि १ जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती बेसबॉलच्या शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली, पण संघात मुलं चौतीसच ठेवायची असं ठरलं. त्याआधी चाळीसपर्यंत असायची. म्हणजे काहींना पूर्ण फी मिळणार आणि काहींची जागाच जाणार. जागा गेलेल्यांना कॉलेजने मनावर घेतलं तर सवलत आहे. कॉलेज मनावर केव्हा घेतं, ते बी. ए.पर्यंत फीमाफीचे अर्ज भरलेल्या माझ्यासारख्याला विचारा.

तो न्याय झाला की नाही यावर भाचा आणि मी दोन रात्री भांडलो. त्याचं म्हणणं, जो पैसा मिळवून देतो त्याला तो मिळालाच पाहिजे. मला ते मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की पैशाबरोबर मरी स्टेटसारख्यांची वाट आणखी चढणीची होईल. चांगला मुलगा दिसला की मोठं कॉलेज त्याला उचलून नेईल.

१८ जूनला आर्कान्साचा सामना लुइझियाना स्टेटशी होता. तो आम्ही घरी बसून पाहिला. शेवटच्या अर्ध्या डावाआधी आर्कान्साकडे दोन धावांची आघाडी होती. लुइझियानाने तीन धावा काढल्या. ६-५. आर्कान्सा दुसऱ्यांदा हरलं आणि घरी गेलं. लुइझियानाने पुढे अजिंक्यपदही घेतलं. मला लाल टोपीवाल्यांची आठवण झाली. निघताना त्यांनी सांगितलं होतं की ते दर वर्षी त्याच हॉटेलात उतरतात आणि आपला संघ पोचो न पोचो, पुढच्या जूनची खोली जायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवतात. शहराचा स्पर्धेशी करार अजून बरीच वर्षं आहे, तोवर आपल्याला काळजी नाही, असंही म्हणाले होते.