धाब्याचं घर, राखेची वीट



फैजपूरला आमचं धाब्याचं घर होतं. आजोबांनी बांधलेलं. सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, वर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर खारी माती. दरवर्षी मृगाच्या आधी ही खारी माती नव्याने टाकावी लागते. ते काम अब्बांचं. अब्बा गेले, मी नोकरीपायी बाहेरगावी, आणि धाब्यावर चढणारं कुणी उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या रात्री मागची खोली बसली. अम्मी नेमकी त्या रात्री पुढच्या खोलीत झोपली होती.

मुलगा म्हणाला, सगळं पाडू, स्लॅबचं बांधू. अम्मी म्हणाली, "उन्हाळ्यात मला त्या भट्टीत झोपवणार का?" दोघांचंही खरं होतं. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. मातीचं जाड धाबं तापायलाच दिवस घेतं.

खरं तर हा प्रश्न आमच्या गावाने पूर्वी एकदा सोडवून दाखवला होता. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचा आग्रह असा, की जे उभं राहील ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंचं आणि खेड्यातल्या हातांनी केलेलं असावं. त्यासाठी त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. बांबूची ती नगरी, टिळकनगर, पाहून मोठमोठी माणसं थक्क झाली. लहानपणी हे ऐकताना मला वाटे, आपलंही घर तसंच असावं. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. ती नगरी अधिवेशनापुरती होती. तिथे कुणाला पावसाळा काढायचा नव्हता!

आम्हाला तो काढायचा होता. म्हणून गवंड्याला घेऊन बसलो. कवीला हिशेब कळत नाही अशी त्याची पक्की समजूत, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तो दोनदा सांगे.

सागाच्या कड्या उतरवल्या, वाळवी लागलेली टोकं कापली. उरलेल्या लाकडातून दारं, चौकटी आणि अम्मीचा पलंग झाला. पडलेल्या भिंतींची पांढरी माती जोत्यात भरली. एक ट्रॅक्टरही मुरूम विकत आणला नाही.

विटांवर मात्र वाद झाला. भट्टीची लाल वीट चांगली, पण ती होते कशाची? शेताच्या वरच्या मातीची. ज्या मातीत आपली केळी उभी राहते, ती भाजून भिंतीत घालायची, हे मनाला पटेना. इकडे भुसावळजवळच्या दीपनगरला कोळसा जाळून वीज होते आणि राखेचे ढीग साठतात. त्या राखेत कच किंवा वाळू आणि चुना नाहीतर सिमेंट घालून, यंत्रात दाबून वीट करतात. तिला भट्टी लागत नाही, पाणी मारून ती पक्की होते. वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत राख मिसळलीच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने १९९९ सालीच केला होता.

पहिली गाडी आली ती फसवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर भुगा. परत पाठवली. पुरतं पाणी न मारताच विकली होती. दुसऱ्या गाडीतली वीट खणखणीत वाजली. तिच्या कडा सरळ असतात, त्यामुळे गिलावाही पातळ बसला.

छताला मात्र मी हरलो. स्लॅबच टाकला, सिमेंट आणि सळईचा. धाब्यावर चढायला माणूस नाही, आणि ती रात्र मी विसरलेलो नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात दिलाय. अम्मीच्या खोलीच्या वर बांबूचा मांडव घातलाय, त्यावर वेल चढवायचाय.

मेमध्ये अम्मी तिथे झोपेल. ती काय म्हणते, त्याची वाट पाहतोय.