काट्यावर न दिसणारं यकृत

निवृत्तीनंतर मी बालाघाटजवळ एक तळं घेतलं आणि त्यात रोहू सोडले. भाताचा मुलूख, त्यामुळे गिरणीचा कोंडा आणि कणी स्वस्त, शेंगदाणा पेंड महाग. मी पेंड कमी केली, कोंडा वाढवला आणि वर रोज शिजवलेली कणी टाकू लागलो. मासे तुटून पडायचे. लंगरात जेवणाची तक्रार नसली की अधिकारी निश्चिंत असतो, तसा मी होतो.

दुसऱ्या डिसेंबरात जाळं ओढलं. काट्यावर वजन चांगलं भरलं. पण परत सोडलेल्या माशांच्या जखमा भरेनात, रोज पाच-सात मासे मरून तरंगू लागले. एक चिरून पाहिला. पोटात चरबीचे थर. रोहूचं यकृत आतड्यांच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं. ते गडद तांबूस असायला हवं, ते फिकट आणि फुगलेलं निघालं. मासे कोंड्यानेच मेले असं मी म्हणणार नाही. थंडी होती, जाळ्याची ओढाताण होती. पण ती सोसण्याची ताकद त्यांच्यात उरली नसावी.

मासा साखर वापरण्यात कच्चा. इन्सुलिन त्याच्याही अंगात असतं, तरी रक्तातली साखर उतरायला तासन् तास लागतात. ट्राउटसारख्या मांसाहारी माशात तर दिवस उलटतो. जास्तीची साखर यकृतात ग्लायकोजेन आणि चरबी होऊन साचते. ट्राउटच्या खाद्यात पचणारा स्टार्च २० टक्क्यांच्या आत ठेवतात. रोहूला त्याहून बराच जास्त चालतो. कोकणातल्या जिताड्याला मात्र रोहूचा हिशेब लावू नका, तो शिकारी मासा आहे.

मग स्टार्च बंदच करायचा का? नाही. थोडा असला की महाग प्रथिनं नुसती जळण म्हणून खर्ची पडत नाहीत. कच्चा स्टार्च कमी पचतो, विष्ठेतून पाण्यात जातो, कुजतो आणि पहाटे तळ्यातला ऑक्सिजन घटतो. शिजवलेला चांगला पचतो, म्हणजे साखरही भराभर चढते. मी नेमका शिजवून, तोही वारेमाप देत होतो!

आता खाद्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. कणी बंद. महिन्याला एक मासा चिरून यकृत बघतो, रात्री त्याचंच कालवण. चिरताना पित्ताची पिशवी तेवढी सांभाळा, फुटली तर मासा कडू होतो.